‘जॅमला चालेल’ हे शब्द आता पुरेत

गेल्या आठवड्यात एक आजी दवाखान्यात आल्या. तपासायला नव्हे, न्याय मागायला. पिशवीतून त्यांनी काचेची बरणी काढली आणि टेबलावर ठेवली. आत लालभडक स्ट्रॉबेरीचा जॅम.

‘‘डॉक्टर, तुम्हीच सांगा. माझं काही चुकलं का?’’

हकीकत अशी. मुलगा-सून नातवंडांना घेऊन रविवारी महाबळेश्वरला गेले होते. येताना रस्त्यावरून स्ट्रॉबेरीचे दोन बॉक्स आणले. रात्री दमून आले, बॉक्स तसेच ओट्यावर राहिले. सोमवारी संध्याकाळी उघडले, तर वरचा थर लालचुटूक आणि खालच्या फळांवर राखाडी लव. सूनबाई टाकायला निघाल्या. आजींनी हात धरला. एवढी महागाची फळं उकिरड्यावर? त्यांनी सुरीने लव आलेला भाग कापून काढला, उरलेल्या फळांत साखर घातली, चांगले रटरटा शिजवले आणि बरणी भरली. सून म्हणते, मुलांना देणार नाही. आजी म्हणतात, ‘‘साखरेत आणि आगीत सगळं मरतं. आम्ही जन्मभर हेच केलं, कुणाला काय झालं?’’

मी म्हणालो, ‘‘आजी, तुमचा हेतू सोन्यासारखा आहे, पण हा जॅम नातवंडांना देऊ नका.’’

त्यांचा चेहरा पडला. अन्न टाकू नये, हा संस्कार आपल्या घराघरांत आहे आणि तो चांगलाच आहे. पण संस्कार चांगला असला तरी प्रत्येक वेळी शास्त्र त्याच्या बाजूने असतेच असे नाही. आजींना मी पाच मिनिटांत जे सांगितले, ते आज जरा सविस्तर लिहितो. कारण आजींनी एका पातेल्यात जे केले, तेच काही ठिकाणी मोठमोठ्या कढयांत होते आणि तिथे हात धरणारी सून नसते.

लव दिसते ती फुले, मुळे आतच

आपल्या सातारा जिल्ह्याला स्ट्रॉबेरीची ओळख नव्याने करून द्यायला नको. महाबळेश्वर, पाचगणी, भिलार, वाईचा काही भाग, जावळी. इंग्रजांच्या काळात थंड हवेच्या ठिकाणी आलेले हे फळ आज इथल्या हजारो घरांची चूल पेटवते. २०१० साली महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकनही मिळाले. फळ गुणी आहे. शंभर ग्रॅममध्ये साधारण ५५ ते ६० मिलिग्रॅम ‘क’ जीवनसत्त्व, म्हणजे संत्र्याच्या तोडीस तोड. पण जितके गुणी, तितकेच नाजूक. फळात सुमारे ९० टक्के पाणी, साल जवळजवळ नाहीच. आंब्याला, केळीला, डाळिंबाला निसर्गाने अंगरखा दिला; स्ट्रॉबेरीला उघडेच ठेवले.

फळ आंबट असल्याने बहुतेक जंतूंना ते मानवत नाही. बुरशीला मात्र आंबटपणाचे वावडे नाही. त्यामुळे स्ट्रॉबेरी, तुती, रासबेरी अशा मऊ फळांवर पहिला हक्क बुरशीच सांगते.

यातली सर्वांत मोठी शत्रू म्हणजे राखाडी बुरशी. शास्त्रीय नाव बोट्रायटिस सिनेरिया. ‘सिनेरिया’ म्हणजे राखेच्या रंगाची. ही बाई फार धूर्त आहे. फळ पिकल्यावर ती येत नाही, फुलोऱ्यातच येऊन बसते. फूल ओले राहिले, हवेत दमटपणा राहिला, की तिचे बीजाणू फुलात शिरतात आणि गप्प बसतात. फळ धरते, वाढते, लाल होते. शेतकऱ्याला काही दिसत नाही, तोडणाऱ्या बाईला दिसत नाही, विकणाऱ्याला दिसत नाही. फळ पूर्ण पिकले, डबीत बंद झाले, गाडीत उबले, की ती डोके वर काढते. म्हणून सकाळी निर्मळ दिसलेला बॉक्स दुसऱ्या संध्याकाळी लव धरतो. प्रत्येक वेळी विकणाऱ्याने फसवलेलेच असते असे नाही, हे आधी कबूल केले पाहिजे. नोव्हेंबर-डिसेंबरात अवकाळी पाऊस झाला, धुके रेंगाळले, की शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो तो उगाच नव्हे.

दुसरी आहे ऱ्हायझोपस. पांढऱ्या जाळीवर काळे ठिपके आणि खाली फळाचा नुसता गळका रस. एका फळावरून शेजारच्या फळावर ती पाहता पाहता पसरते. आढीतला एक नासका आंबा सगळी आढी नासवतो म्हणतात, ते इथे शब्दशः खरे आहे. थंडीत मात्र हिचे फारसे चालत नाही. फ्रीजच्या खालच्या तापमानाला ती जवळजवळ थांबते. राखाडी बुरशी फ्रीजमध्येही वाढते, फक्त सावकाश. म्हणूनच ‘फ्रीजमध्ये ठेवले होते, तरी कसे खराब झाले?’ या तक्रारीत अर्थ नाही.

आता आजींच्या सुरीकडे येऊ. बुरशीचा जो केसाळ भाग आपल्याला दिसतो, तो केवळ तिचा फुलोरा. तिचे धागे आत शिरलेले असतात. गाजर, कोबी अशा घट्ट भाजीत हे धागे खोल जाऊ शकत नाहीत, म्हणून तिथे डागाभोवती आणि डागाखाली किमान इंचभर कापून उरलेला भाग वापरता येतो. स्ट्रॉबेरीसारख्या मऊ, रसाळ फळात इंच मोजायला फळच मुळी केवढे? दिसते तेवढे कापले म्हणजे गवताचे शेंडे कापून शेत स्वच्छ झाले म्हणण्यासारखे आहे.

‘आगीत सगळं मरतं’?

हा आजींचा मुख्य मुद्दा होता आणि तो अर्धा खरा आहे. उकळत्या पाकात बहुतेक बुरशी मरते. पण दोन गोष्टी उरतात.

पहिली, बुरशी मेली तरी तिने आधी सोडलेले विष मरतेच असे नाही. सगळ्याच बुरशी विष सोडत नाहीत. राखाडी बुरशी माणसाला घातक असे विष करते असे आढळलेले नाही. खरे म्हणजे हीच बुरशी युरोपात काही द्राक्षांवर मुद्दाम येऊ देतात आणि त्यांची गोड, महाग वाइन करतात. पण कुजत्या फळावर ती एकटी राहत नाही. तिने दार उघडले की मागून हिरव्या-निळ्या पेनिसिलियमसारख्या बुरशी येतात. त्यांतल्या काही पॅट्युलिन नावाचे विष तयार करतात. त्याचा सर्वांत जास्त संबंध सडक्या सफरचंदांशी आहे. म्हणून आपल्या देशात सफरचंदाच्या रसात पॅट्युलिन किलोमागे ५० मायक्रोग्रॅमच्या वर असू नये, असा नियम आहे. हे विष आंबट पदार्थात उकळले तरी बऱ्याच अंशी टिकते. आगीवर भरवसा ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

इथे कुणी हुशार वाचक विचारील, ‘‘डॉक्टर, पेनिसिलीनही बुरशीपासूनच ना?’’ अगदी बरोबर. गंमत म्हणजे १९४० च्या दशकात पॅट्युलिनकडेही असेच औषध म्हणून पाहिले गेले होते. इंग्लंडमध्ये सर्दीवर त्याचे प्रयोग झाले. सर्दीला फायदा झाला नाही आणि पुढे ते विषारी ठरले. एकाच घराण्यातला एक भाऊ वैद्य निघाला, दुसरा विषारी. फळावर कुठला भाऊ बसला आहे, हे डोळ्यांना कळत नाही.

दुसरी गोष्ट, काही बुरशी आगीलाही पुरून उरतात. बायसोक्लॅमिस नावाची बुरशी मातीत राहते आणि मातीजवळ वाढणाऱ्या स्ट्रॉबेरीवर सहज येते. तिचे बीजाणू रसाला किंवा पल्पला नेहमी देतात त्या ८५-९० अंशांच्या उष्णतेतही जिवंत राहू शकतात. १९३० च्या दशकात इंग्लंडमध्ये डबाबंद फळे डब्यातच विरघळू लागली, तेव्हा हिचा शोध लागला. तीही पॅट्युलिन करू शकते. आपले शेतकरी गादीवाफ्यावर मल्चिंग पेपर अंथरतात, त्याने तण आणि पाणी यांचा प्रश्न सुटतोच, शिवाय फळ मातीपासून दूर राहते. हा त्याचा आरोग्याला होणारा फायदा फारसा कुणी बोलून दाखवत नाही.

साखरेचेही तसेच. साखर बुरशीला मारत नाही, तिच्या तोंडचे पाणी पळवते. जॅममध्ये विरघळलेले घटक किमान ६५ टक्के असावेत असा नियम आहे तो याचसाठी. त्याहून पातळ राहिला, ओला चमचा बुडवला, झाकण उघडे राहिले, की वरच्या थरात पाणी वाढते आणि लव धरते. मधुमेहींसाठी कमी साखरेचे जॅम मिळतात, ते उघडल्यावर फ्रीजमध्येच ठेवावेत आणि लवकर संपवावेत. त्यात साखरेचा पहारा नसतो.

घाबरायचे किती?

आरोग्याच्या लेखातून भीती वाढवणे सोपे असते. ते मला करायचे नाही. एखादी बुरशी आलेली स्ट्रॉबेरी चुकून पोटात गेली, तर निरोगी माणसाला बहुधा काही होत नाही. फार तर मळमळ, एखादी उलटी. दवाखान्यात धाव घेण्याची गरज नाही. २०२१ साली कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत काळ्या बुरशीची भीती पसरली, तेव्हा कांद्याच्या सालीवरच्या काळ्या डागांनीही लोक हादरले होते. तो आजार कांदे खाऊन होत नाही. त्याचे बीजाणू हवेतून श्वासात जातात आणि साखर फार वाढलेल्या किंवा स्टेरॉइडने प्रतिकारशक्ती खचलेल्या माणसाला गाठतात.

पण म्हणूनच काही लोकांनी जपायला हवे. अनियंत्रित मधुमेह, कर्करोगावरचे उपचार, मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण, दीर्घकाळ स्टेरॉइड असे रुग्ण ज्या घरात आहेत, तिथे बुरशी आलेले फळ हाताळण्याचे कामही दुसऱ्याने करावे. दम्याच्या रुग्णाने तर ‘वास येतो का बघू’ म्हणून नाक खुपसू नये. बीजाणू नाकातून आत जायला एवढे निमित्त पुरते. लहान मुलांचे शरीर लहान आणि जॅम खाण्याचे प्रमाण मोठे. एकदा खाऊन काही होत नाही हे खरे, पण रोज सकाळी पोळीला लावून जे खायचे, त्याला ‘एकदा’चा नियम लावता येत नाही.

न दिसणारी बुरशी

आता माझा खरा मुद्दा. डबीतली बुरशी प्रामाणिक असते, ती दिसते. गिऱ्हाईक डबी परत करते, सूनबाई टाकून देतात. पण तेच फळ पल्पमध्ये गेले, त्यात साखर पडली, रंग पडला, की ते कुणालाच दिसत नाही. जीभही सांगत नाही. आणि आपल्याकडे वर्षानुवर्षे एक वाक्य सर्रास ऐकू येते: ‘‘हा माल टेबलाला नाही चालणार, जॅमला चालेल.’’

या वाक्याच्या पोटात दोन निरनिराळ्या गोष्टी लपल्या आहेत. वाकडेतिकडे फळ, बारीक फळ, एका बाजूने फिके राहिलेले फळ, जास्त पिकून मऊ पडलेले पण निरोगी फळ हे सगळे जॅमला खुशाल चालते. त्यासाठीच प्रक्रिया असते आणि शेतकऱ्याचा पैसाही त्यानेच वाचतो. बुरशी धरलेले फळ मात्र कशालाच चालत नाही. पण तोडणीच्या घाईत दोन्ही एकाच क्रेटमध्ये पडतात आणि घेणारा दोन्हींना एकच भाव देतो. मग शेतकऱ्याने ते निवडायचे तरी का? निवडायला मजुरी लागते आणि निवडून टाकले तर वजन घटते. म्हणजे जो प्रामाणिक, त्याचाच तोटा. हा दोष शेतकऱ्याच्या नीतीचा नाही, भाव ठरवण्याच्या पद्धतीचा आहे.

पल्पमधली बुरशी ओळखता येत नाही, असेही नाही. शंभर वर्षांहून अधिक काळ ती ओळखली जात आहे. अमेरिकेच्या कृषी खात्यातील हॉवर्ड नावाच्या शास्त्रज्ञाने १९११ च्या सुमारास टोमॅटोच्या सॉससाठी एक पद्धत बसवली. ठराविक काचेवर पल्पचा पातळ थर द्यायचा, सूक्ष्मदर्शकाखाली ठराविक जागा पाहायच्या आणि किती जागांत बुरशीचे धागे दिसतात ते मोजायचे. उकळले, गाळले, साखर घातली, तरी धाग्यांचे तुकडे उरतातच. कारखान्यात सडका माल शिरला होता की नाही, याची ती साक्ष. अमेरिकेत गोठवलेल्या स्ट्रॉबेरीसाठी याच मोजणीची मर्यादा ठरलेली आहे. पाहिलेल्या जागांपैकी सरासरी ४५ टक्के किंवा अधिक जागांत धागे दिसले आणि निम्म्या नमुन्यांत हे प्रमाण ५५ टक्क्यांवर गेले, तर मालावर कारवाई होऊ शकते. हा आकडा ऐकून दचकू नका. ४५ टक्के फळ सडके असा त्याचा अर्थ नाही. एखादा धागा दिसला तरी ती जागा मोजली जाते. मुद्दा एवढाच, की तिथे कुणीतरी मोजते.

आपल्याकडेही कायदा आहे. पूर्वी १९५५ चा फळ उत्पादन आदेश होता, आता २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली २०११ पासून नवे नियम आहेत. कायदा कागदावर चांगला आहे. पण नियम हा वर्षातून एखादा नमुना घेण्यापुरता उरला, तर त्याचा उपयोग जेवढ्यास तेवढाच.

माझ्या मते तीन गोष्टी व्हायला हव्यात आणि त्यांतली एकही कोटींची नाही.

पहिली, शेतावरच दोन क्रेट. एक बेडौल पण निरोगी फळाचा, दुसरा बुरशीच्या फळाचा. पहिल्याला बरा भाव मिळावा आणि दुसरा शेताबाहेर खोल पुरावा. बुरशीचे फळ वाफ्यात किंवा बांधावर टाकणे म्हणजे उद्याच्या फुलांना आजच रोग देणे. ते गुरांपुढेही टाकू नये.

दुसरी, पल्प घेणाऱ्या प्रत्येक छोट्या-मोठ्या कारखान्यात ही धागे मोजण्याची तपासणी रोजच्या कामाचा भाग व्हावी. त्याला लागतो एक सूक्ष्मदर्शक, एक ठराविक काच आणि शिकलेली एक नजर. आपल्या गावांतून विज्ञान शिकून घरी बसलेल्या किती मुली आहेत! त्यांना हे काम सहज जमेल. महिला बचत गटांचे जॅम, सिरप आज प्रदर्शनांतून विकले जातात, त्यांना प्रत्येकी प्रयोगशाळा परवडणार नाही. तिथे चार-पाच गटांनी मिळून एक सोय करावी.

तिसरी गोष्ट आपली, गिऱ्हाइकाची. पावसानंतरच्या आठवड्यात अर्ध्या भावात बॉक्स मागायचे आणि मग खालचा थर खराब निघाला म्हणून शिव्या द्यायच्या, हे बरे नव्हे. स्वस्तातला जॅम घेताना बाटलीवर फळाचे प्रमाण किती लिहिले आहे, हे तरी वाचावे. इतर फळांच्या जॅमला किमान ४५ टक्के फळ लागते. स्ट्रॉबेरीच्या जॅमला नियमाने २५ टक्केही पुरते. त्याहून जास्त फळ घालणारा आणि ते ठळक लिहिणारा उत्पादक दिसला, तर चार पैसे जास्त देऊन त्याचा माल घ्यावा.

‘‘अवकाळी पावसाने आधीच कंबरडे मोडलेय, त्यात डॉक्टर हे नवीन सांगताहेत,’’ असे कुणी शेतकरी बंधू म्हणतील. त्यांचे दुःख मला कळते. पण आपल्या फळाचे नाव हीच आपली मोठी ठेव आहे. एका बाटलीत कुणाला काही वावगे सापडले, तर नाव एका कारखान्याचे जात नाही, सगळ्या डोंगराचे जाते. मग निरोगी फळालाही गिऱ्हाईक उरत नाही.

घरी काय करावे?

घेताना डबी उलटी करून तळ पाहावा. तळाला रस सुटलेला असेल, आतला कागद भिजला असेल, तर ती ठेवून द्यावी. घरी आल्यावर, कितीही दमला असाल तरी, बॉक्स उघडावा. लव आलेले फळ आणि त्याला चिकटलेली फळे काढून टाकावीत. उरलेली कोरड्या कापडावर किंवा कागदावर एका थरात पसरून फ्रीजमध्ये ठेवावीत. आधी धुऊ नयेत, ओलावा म्हणजे बुरशीला आमंत्रण. खाताना वाहत्या पाण्याखाली धुवावीत आणि देठ नंतर काढावा, म्हणजे पाणी आत शिरत नाही. दोन-तीन दिवसांत संपवावीत. जास्त असतील तर धुऊन, पूर्ण कोरडी करून, देठ काढून फ्रीजरमध्ये टाकावीत. मात्र गोठवल्याने बुरशी मरत नाही, नुसती झोपते. बाहेर काढलेले फळ पुन्हा गोठवू नये.

जॅम करायचा तर तो फळ आणल्याच्या दिवशी करावा, नासायला लागल्यावर नव्हे. बरणी उकळत्या पाण्यातून काढलेली, कोरडी असावी. चमचा कोरडा असावा. आणि जॅमवर लव दिसली, तर वरचा थर काढून खालचा खाऊ नये, सगळी बरणी टाकावी. जांभळे, करवंदे, तुती, द्राक्षे यांनाही हेच नियम लागू आहेत.

आजींना हे सगळे सांगून झाल्यावर त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, ‘‘म्हणजे सून बरोबर होती म्हणायची.’’ मी म्हणालो, ‘‘आजी, तुम्ही दोघी बरोबर होतात. अन्न वाया जाऊ नये हे तुमचं बरोबर आणि मुलांना नको हे तिचं बरोबर. चूक एवढीच, की बॉक्स रविवारी रात्री उघडला नाही.’’

त्या हसल्या. बरणी मात्र पिशवीत परत गेली नाही. ‘‘तुमच्याकडेच टाका,’’ म्हणाल्या, ‘‘घरी नेली तर माझा हात होणार नाही.’’